टॉवरचा त्रास, की घरातलंच काही? विद्युतचुंबकीय संवेदनशीलतेची कारणं शोधताना

मेघमल्हार (धागाकर्ती)

हा धागा माझ्या वन्संसाठी काढतेय. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि त्या इथले प्रतिसाद वाचणार आहेत. तेव्हा ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया थांबा. ते ऐकून ऐकून त्या थकल्या आहेत.

वन्सं पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतात, घरीच दहावीच्या शिकवण्या घेतात. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला आणि त्यानंतर काही महिन्यांत त्रास सुरू झाला. संध्याकाळ झाली की डोकं भणभणतं. गालांची आग होते. आरशात बघितलं तर कधी लाली दिसते, कधी काहीच नाही. हातापायांना मुंग्या येतात. रात्री अडीच-तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. आमच्याकडे गुहागरला आल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा खुलतो, पुण्याला परतल्या की पुन्हा तेच. आता त्यांच्या घरात वायफाय नाही, मोबाईल रात्री दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात जातो आणि खिडक्यांना बारीक तारेची जाळी बसवून घेतलीय. जाळीवर बराच पैसा गेला. थोडं बरं वाटलं, मग परत पहिले पाढे पंचावन्न.

मी वाचत गेले. विजेच्या, मोबाईलच्या लहरींनी त्रास होतो असं ज्यांना जाणवतं त्यांच्या या तक्रारीला ‘विद्युतचुंबकीय संवेदनशीलता’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २००५ मध्ये या विषयावर एक माहितीपत्रक काढलं होतं. त्यात म्हटलंय की लक्षणं खरी आहेत, काहींना तर ती अंथरुणाला खिळवतात. मात्र त्यांचा विद्युतचुंबकीय क्षेत्रांशी संबंध जोडायला शास्त्रीय आधार सापडत नाही. इथवर सगळेच सांगतात. पण त्याच पत्रकात पुढे लिहिलंय की अशा माणसाच्या घरची आणि कामाच्या जागेची हवा, आवाज, लुकलुकणारे दिवे, बसण्या-उठण्याची सोय हे सगळं तपासा. याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. एक बाजू म्हणते टॉवर पाडा, दुसरी म्हणते मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

माझा प्रश्न असा : लहरींमुळे होत नसेल तर आजूबाजूच्या कशामुळे होत असेल? आणि लहरींमुळेच होत असेल, तर शरीर आधी कशानं इतकं हळवं झालं? ज्यांना खरोखर काही ठाऊक आहे त्यांनी सविस्तर लिहा. कितीही लांबलं तरी चालेल.

---

स्टेथो

मेघमल्हार, बाकी सगळं नंतर. आधी एक तातडीचा प्रश्न : न्हाणीघरात गॅस गीझर आहे का? असेल तर तो न्हाणीघराच्या आत आहे की बाहेर गॅलरीत?

मी जनरल प्रॅक्टिस करतो. डोकं जड, मळमळ, झोपेची वाट लागलेली, घराबाहेर पडलं की बरं आणि घरी आलं की पुन्हा सुरू, ही गोष्ट ऐकली की माझ्या डोक्यात पहिल्यांदा कार्बन मोनॉक्साइड येतो. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की तो तयार होतो. त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, कारण त्याला प्राणवायू चिकटलेलं आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही; आकडा ९८ दाखवेल आणि माणूस चक्कर येऊन पडलेला असेल. रक्ताची तपासणी करायची तर त्रास होत असतानाच करायची. मोकळ्या हवेत चार-पाच तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये काहीच सापडत नाही.

दुसरं : मुंग्या. वन्सं शाकाहारी आहेत का? पुण्यातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली होती, त्यात ६७ टक्क्यांमध्ये बी१२ कमी निघालं. खेडं, झोपडपट्टी, मध्यमवर्ग, तिन्हीकडचे पुरुष त्यात होते. बायकांची ती पाहणी नव्हती, पण शाकाहारी घरातली पन्नाशीची बाई मुंग्या घेऊन आली तर मी बी१२ बघितल्याशिवाय पुढे जात नाही. सोबत थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. रजोनिवृत्तीच्या आसपासचं वय असेल तर गालांची आग आणि रात्रीची जाग यांचा विचार त्या अंगानंही व्हायला हवा.

यातलं काही निघालं म्हणजे ‘तुमचं खोटं होतं’ असा अर्थ कुणी काढू नये.

---

तारयंत्री

वीज क्षेत्रात हयात गेली, आता निवृत्त. घरं तपासायला अजूनही जातो, म्हणून लिहितो.

लोक ‘रेडिएशन’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तक्रार असते ती साध्या गळक्या विजेची. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट हलकेच फिरवा. चार्जर दोन पिनांचा असेल किंवा प्लगला अर्थिंग नसेल तर थरथरल्यासारखं, खरखरीत लागतं. ते भास नसतात. चार्जरमधल्या एका लहानशा कपॅसिटरमधून किंचित प्रवाह बाहेरच्या कवचावर येतो, आणि अर्थिंग नसल्यामुळे तो तुमच्या अंगातून जमिनीकडे जातो. बोटाच्या टोकाला ५० हर्ट्झचा ०.२ ते ०.४ मिलिअँपिअर प्रवाह जाणवू शकतो. काहींना त्याहूनही कमी जाणवतो, आणि बायकांना सरासरीनं पुरुषांपेक्षा लवकर जाणवतो. म्हणजे ‘मला वीज कळते’ असं म्हणणारी बाई अगदी खरं बोलत असू शकते. नवऱ्याला काहीच कळत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

जुन्या इमारतींत तिसरी पिन फक्त शोभेला असते. सॉकेट उघडलं तर हिरवी तार कापून भिंतीत दडपलेली सापडते. काही ठिकाणी वायरमननं अर्थची तार न्यूट्रललाच जोडलेली असते, ते तर जिवावर बेतणारं. फ्रिजला, वॉशिंग मशीनला, गीझरच्या नळाला हात लावताना चुणचुण लागते का हे वन्संना विचारा. ओल्या हातांनी मुद्दाम करून बघू नका. पायात चप्पल असताना कमी आणि अनवाणी जास्त असं होत असेल तर ताबडतोब वायरमन बोलवा.

टॉवरबद्दलही सांगतो. अँटेनाचा झोत दिव्यासारखा आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. त्यामुळे टॉवरच्या थेट खालच्या घरापेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या घराला तो अधिक मिळतो. वन्संचं घर नेमकं समोर आहे, तेव्हा मोजणी मागायला हरकत नाही. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली; ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला ०.४५ वॅट झाली. २०१७ साली दूरसंचार खात्याचं ‘तरंग संचार’ संकेतस्थळ सुरू झालं, तिथे शुल्क भरून आपल्या जागेची मोजणी मागता येते. सुरुवातीला ते ४,००० रुपये होतं. जाळीवर खर्च करण्याआधी हे केलं असतं तर निदान एक आकडा हातात आला असता.

आणि जाळी लावल्यावर घरातून फोन केला तर तो जास्त जोर लावतो, हेही लक्षात घ्या. रेंज जितकी कमी, तितकी फोनची स्वतःची ताकद वाढते, आणि फोन तर कानाला असतो.

---

रानवाटा

वरचे प्रतिसाद चांगल्या मनानं लिहिलेले आहेत, पण मला थोडं बोलू द्या. मी स्वतः हे भोगतोय. नोकरी सोडून नाशिकच्या पलीकडे शेतावर राहायला आलो. माझं बी१२ नीट आहे, गॅस गीझर नाही, अर्थिंग नवं आहे. तरी शहरात बसस्टँडवर उभा राहिलो की कानशिलांत कळ येते.

‘प्रयोगात सिद्ध झालं नाही’ हे वाक्य मला तोंडपाठ झालंय. पण ते प्रयोग कसे होतात ते बघा. माणसाला प्रवास करून प्रयोगशाळेत नेतात, अर्धा तास लहरी देतात, लगेच विचारतात, ‘आता चालू आहे का?’ माझा त्रास कधी लगेच येतो, कधी दुसऱ्या दिवशी. बटण दाबलं की दिवा लागावा तसं शरीर चालत नाही.

आणि सजीवांना लहरी कळतच नाहीत असं कुणी म्हणू नये. जर्मनीत ओल्डेनबर्ग विद्यापीठात रॉबिन पक्ष्यांवर वर्षानुवर्षं काम झालं, ते २०१४ मध्ये छापून आलं. शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात त्या पक्ष्यांना दिशा कळेना. लाकडी खोलीला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावून तो जमिनीला जोडला, आणि त्यांचं होकायंत्र परत चालू लागलं. पत्र्याचं अर्थिंग सोडलं की पुन्हा दिशाहीन. पक्ष्यांच्या मनात कुठली भीती कुणी घातली होती?

---

अणुरेणू

रानवाटा, ओल्डेनबर्गचा प्रयोग तुम्ही अगदी बरोबर सांगितलात, आणि तो फार देखणा आहे. कुठली खोली जोडलेली आहे हे नोंदी घेणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, वर्गात तो आवर्जून सांगतो.

पण त्यात पक्ष्यांना अडवणारा गोंगाट साधारण ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला होता, म्हणजे मीडियम वेव्ह रेडिओच्या आसपासचा, आणि विजेच्या उपकरणांतून बाहेर पडणारा. मोबाईल शेकडो ते हजारो मेगाहर्ट्झवर चालतो. तेव्हा या प्रयोगातून काही घ्यायचंच असेल तर टॉवरपेक्षा घरातल्या चार्जर-इन्व्हर्टरकडे बघावं लागेल. शिवाय पक्ष्यांची दिशा चुकली. त्यांना दुखत होतं असं त्यातून निघत नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात कॅल्टेकच्या गटानं माणसांभोवती पृथ्वीइतकंच क्षीण चुंबकीय क्षेत्र फिरवलं, तर काहींच्या मेंदूच्या अल्फा लहरी खाली गेल्या. त्या माणसांना स्वतःला मात्र काहीच जाणवलं नव्हतं. म्हणजे मेंदूला काहीतरी पोचणं आणि त्रास होणं यांत मोठं अंतर आहे.

प्रयोगांचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाचा २००७ चा प्रयोग बघा. टॉवरसारखे सिग्नल आधी सांगून दिले, तेव्हा संवेदनशील मंडळींना स्पष्ट त्रास झाला. मग तेच सिग्नल न सांगता दिले, देणाऱ्यालाही ते चालू आहेत का माहीत नव्हतं, तेव्हा चालू आणि बंद यांत फरक राहिला नाही. सहाही वेळा अचूक ओळखणारे ४४ संवेदनशील लोकांत २ निघाले आणि ११४ इतरांत ५, म्हणजे योगायोगानं यावेत तितकेच. असे ४६ प्रयोग, एकूण १,१७५ माणसं, यांचा आढावा २०१० मध्ये घेतला गेला. चित्र तेच राहिलं. काही प्रयोगांत माणसाच्या घरी जाऊनही तपासलंय. तुमचा ‘दुसऱ्या दिवशी त्रास होतो’ हा मुद्दा रास्त आहे, छोट्या प्रयोगांत तो सुटतो. पण मला तुमच्याकडून एक हवंय : बसस्टँडवर त्रास होतो तेव्हा तिथे लहरींखेरीज काय काय असतं? डिझेलचा धूर, हॉर्न, गर्दी, उष्मा. यांतलं एकेक बाजूला काढल्याशिवाय दोष कुणाच्या माथी मारायचा?

मेघमल्हार, गुहागरच्या घरी रेंज किती येते?

---

मेघमल्हार (धागाकर्ती)

अणुरेणू, हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. आमच्या घरातून टॉवर दिसतो. रेंज भरपूर आहे, आणि वन्सं इथे आल्या की मुलांशी तासतासभर व्हिडिओ कॉल करतात.

स्टेथो, गॅस गीझर होता, तो मागच्याच वर्षी काढून विजेचा बसवला. त्यामुळे ते कारण नसावं. बी१२ कधीच तपासलेलं नाही.

---

उत्तरवारा

मी बरीच वर्षं स्टॉकहोमला आहे. या विषयात स्वीडनचं नाव दोन्ही बाजू घेतात, म्हणून इथलं चित्र सांगते. स्वीडननं याला रोग मानलेलं नाही. इथे ते अपंगत्व समजतात, म्हणजे कारण काहीही असो, माणसाला अडचण आहे ना, मग कामाच्या जागी त्याची सोय करा. ‘स्वीडननं मान्य केलंय’ असे संदेश फिरतात त्यात हा फरक कुणी सांगत नाही.

इथे हे सगळं मोबाईलच्या आधी सुरू झालं. १९८० च्या दशकात कार्यालयांत काचेच्या फुगीर पडद्यांचे संगणक आले आणि त्यांच्यासमोर बसणाऱ्यांच्या, विशेषतः बायकांच्या, चेहऱ्यावर लाली, खाज, आग सुरू झाली. पहिला संशय गेला तो पडद्यातून निघणाऱ्या क्षेत्रांवर. त्यातून १९९० चं एमपीआर-२ आणि १९९२ चं टीसीओ ही पडद्यांची मानकं आली, जगभरच्या कारखान्यांनी ती पाळली, क्षेत्रं पुष्कळ कमी झाली. तक्रारी मात्र संपल्या नाहीत. त्या पुढे दिव्यांकडे, मोबाईलकडे सरकल्या.

अभ्यासकांनी कार्यालयं धुंडाळली तेव्हा दुसऱ्याच गोष्टी पुढे आल्या. इथल्या हिवाळ्यात बाहेरची गार हवा आत येऊन तापते तेव्हा ती कमालीची कोरडी होते. कोरड्या हवेत स्थिर वीज साठते. त्या जुन्या पडद्यांची काच हजारो व्होल्टला भारलेली असायची, आणि हवेतली धूळ समोरच्या माणसाच्या गालांवर जाऊन बसायची. मूळची नाजूक त्वचा, कोरडी हवा, वर कामाचा ताण आणि पडद्यावर रोखलेली नजर. यांतलं एकटं काहीच पुरेसं नव्हतं. पण सगळं एकाच बाईच्या एकाच टेबलावर जमा झालं की तिच्या चेहऱ्याची आग होणारच. ‘पडदा लावला की त्रास होतो’ हे तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पडद्यातून तिच्यापर्यंत काय पोचतंय एवढाच प्रश्न होता.

१९९७ मध्ये स्टॉकहोम परिसरातल्या पाहणीत १.५ टक्के लोकांनी स्वतःला विजेला संवेदनशील म्हटलं. तैवानमध्ये २००७ साली हा आकडा १३ टक्क्यांच्या वर होता, तो २०१२ मध्ये ४.६ टक्क्यांवर आला. मधल्या काळात तिथे मोबाईल काही कमी झाले नव्हते.

---

रंगारी

प्लायवूड, लॅमिनेट आणि रंग हा माझा धंदा, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. टॉवर आला त्याच सुमारास वन्संच्या घरात आणखी काय नवं आलं? फर्निचर, रंग, पीओपी, पडदे?

---

मेघमल्हार (धागाकर्ती)

वन्संशी आत्ताच बोलले. टॉवरच्या थोडं आधी शिकवणीची खोली पूर्ण नवी करून घेतली होती. भिंतभर कपाटं, पीओपीचं छत, त्यात बसवलेले चौकोनी एलईडी पॅनेल. मुलांसाठी एसी बसवला आणि त्याच्या गारव्यासाठी खिडकी कायमची बंद केली. डास फार, म्हणून शिकवणीच्या आधी कॉइल लावून ठेवतात. आणि हो, वन्संचा स्वतःचा बिछानाही त्याच खोलीत आहे, कारण आतली खोली सासूबाईंना दिलीय.

---

रंगारी

आता माझी शंका पक्की व्हायला लागली. स्वस्त प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) ज्या डिंकानं चिकटवतात त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा झोंबरा वायू बाहेर पडत राहतो, पहिले काही महिने सगळ्यात जास्त, आणि उष्मा-दमट हवेत आणखी. डोळे चुरचुरणं, डोकं दुखणं, चेहऱ्याची आग ही त्याची ओळखीची लक्षणं. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळ्यांत जे झोंबतं ना, तेच ते. लॅमिनेट लावलेल्या बाजूनं ते अडतं. कपाटाच्या आतली आणि मागची उघडी बाजू आणि कापलेल्या कडा यांतून सुटतं. तिथे सीलर मारून घ्या आणि आठवडाभर दारं उघडी टाकून पंखा चालू ठेवा.

कॉइलचं तर विचारू नका. २००३ मधल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते, वर फॉर्मल्डिहाइड वेगळं. ते बंद खिडकीच्या खोलीत, आणि मग त्याच खोलीत मुलांचा वर्ग, आणि रात्री झोपही तिथेच. माझं स्पष्ट मत आहे की त्या खोलीत कुणाचंही डोकं दुखेल.

धाग्यात विचारलंय की शरीर आधी कशानं हळवं होतं. टेक्सासच्या डॉ. क्लॉडिया मिलर यांनी यावर एक कल्पना मांडली आहे. आधी एखादा मोठा मारा होतो : कीटकनाशकाची फवारणी, घराचं नूतनीकरण, बुरशी. त्यातून काहींची सहनशक्तीच जाते, आणि मग पूर्वी चालणाऱ्या साध्या वासांनीही त्रास होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयात १९८७-८८ मध्ये नवे गालिचे घातले तेव्हा बरेच कर्मचारी आजारी पडले, त्यांतले काही कायमचे वासांना हळवे झाले. विजेला संवेदनशील असणाऱ्यांपैकी अनेकजण रसायनांनाही संवेदनशील असतात, तेव्हा सुरुवात तिथून होत असेल का हा प्रश्न मला रास्त वाटतो.

---

स्टेथो

रंगारी, प्रश्न रास्त आहे, पण एक पुस्ती जोडतो. रसायनांच्या बाबतीतही न सांगता वास देऊन प्रयोग झालेत, आणि वास ओळखताच येणार नाही अशी काळजी घेतली तिथे फरक फारसा टिकला नाही. म्हणून मिलर यांची मांडणी अजून सर्वमान्य नाही. डोळे चुरचुरावेत एवढं फॉर्मल्डिहाइड खोलीत असणं ही मात्र सरळ विषबाधेची गोष्ट आहे, त्यासाठी कुणी हळवं असायची गरज नाही. दोन्ही वेगळं ठेवू या.

---

दिवेलागण

प्रकाशयोजना हे माझं काम. छतातले चौकोनी एलईडी पॅनेल म्हटल्यावर राहवेना.

चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रापर्यंत पोचतं. इंग्लंडमध्ये १९८९ साली एका कार्यालयातल्या ट्यूबचे चोक बदलून वेगानं चालणारे इलेक्ट्रॉनिक चोक लावले, तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहूनही कमी झाला. कुणाच्या वर कुठला चोक आहे हे तिथल्या माणसांना माहीत नव्हतं. या धाग्यात आंधळ्या कसोटीवर टिकलेलं कारण हे पहिलंच, हे नजरेआड करू नका.

एलईडी आले तेव्हा वाटलं होतं की हा प्रश्न मिटला. पण स्वस्त पॅनेलच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीत, प्रकाश स्थिर ठेवणारा कपॅसिटर नावालाच असतो, आणि ते जुन्या ट्यूबपेक्षाही वाईट लुकलुकतं. मंद करायची सोय असेल तर आणखी बिकट. तपासायला पैसे लागत नाहीत. खोलीतले इतर दिवे घालवा, मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून पॅनेलकडे धरा. काळे पट्टे सरकताना दिसले किंवा प्रकाश धडधडताना दिसला तर पॅनेल खराब. किंवा पेन्सिल दोन बोटांत धरून दिव्याखाली भरभर हलवा : सलग धूसर पंखा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना हा त्रास फार लवकर होतो. वन्संना तरुणपणी अर्धशिशी होती का?

‘संध्याकाळ झाली की’ असं लिहिलंय, ते मला बोलकं वाटतं. टॉवर दिवसभर चालू असतो. पॅनेल संध्याकाळी लागतात.

---

रानवाटा

अणुरेणू, तुमच्या प्रश्नावर विचार केला. बसस्टँडवरचा धूर मला पूर्वीही सोसायचा नाही, हे खरं आहे. पण त्यामुळे माझा सगळा अनुभव उडून जात नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. ‘बातम्या वाचून तुम्ही घाबरलात आणि मग दुखायला लागलं’ हे मला लागू पडत नाही. मला आधी वर्षभर दुखत होतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कुणाला काही सापडेना. टॉवरबद्दल मी त्यानंतर वाचलं.

---

अणुरेणू

रानवाटा, तुम्ही म्हणता तसंच बऱ्याच जणांचं होतं, हे फ्रान्समध्ये नोंदवलं गेलंय. तिथे ४० संवेदनशील माणसांच्या सविस्तर मुलाखती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बहुतेकांच्या बाबतीत लक्षणं आधी आली, उत्तर न मिळाल्याची वणवण त्यानंतर, आणि लहरींचं कारण शेवटी सापडलं. कारण सापडल्यावर भीतीनं लक्षणं वाढू शकतात, हेही खरं. २०१३ च्या एका प्रयोगात १४७ जणांतल्या काहींना वायफायचे धोके सांगणारी फिल्म दाखवली, काहींना वेगळी. मग सगळ्यांना वायफाय चालू आहे असं सांगून प्रत्यक्षात काहीच दिलं नाही. तरी निम्म्याहून अधिक लोकांनी लक्षणं सांगितली. पण तुमचं पहिलं वर्ष यातून उलगडत नाही. त्या पहिल्या वर्षी तुमच्या आसपास काय होतं, हे शोधायचं राहूनच गेलं. माझी कळकळ त्याबद्दल आहे. शेतावर फवारणी होते तेव्हा तुम्ही कुठे असता?

---

मेघमल्हार (धागाकर्ती)

उशिरा लिहितेय, पण बरंच घडलंय.

बी१२ फार कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झालीत. थायरॉइड ठीक. वन्संना कॉलेजात असताना अर्धशिशी होती. लग्नानंतर थांबली म्हणून त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

स्लो मोशनमध्ये पॅनेल बघितले तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. चारपैकी तीन इतके धडधडत होते की भाच्यानं स्विचच बंद केला. आता तिथे साधी चांगल्या प्रतीची एलईडी पट्टी लावलीय. कॉइल बंद, खिडकी उघडी, डासांना जाळी. तीच महागडी तारेची जाळी आता त्या कामाला आलीय. कपाटांच्या आतून सीलर मारला.

संध्याकाळचं भणभणणं पुष्कळ उतरलं. गालांची आग कमी आहे. मुंग्या आहेत तशाच आहेत, झोप अजून लागत नाही. वन्सं म्हणतात की टॉवरचाही हात आहेच, आणि त्यांनी मोजणीसाठी अर्ज केलाय. मी त्यांना अडवलं नाही. आकडा येईल तो येईल.

तारयंत्री काका, वायरमन आला होता. शिकवणीच्या खोलीतल्या दोन सॉकेटना अर्थिंगच नव्हतं, वन्संचा लॅपटॉप नेमका तिथेच लागतो. तो म्हणतोय की आता ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पण बसवून घ्या. गरज आहे का?

---

तारयंत्री

आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मागा. दुकानात लोक त्यालाच ईएलसीबी म्हणतात. तो मुंग्यांसाठी नाही, जीव वाचवण्यासाठी आहे. आधी अर्थिंग नीट करून मगच बसवा, आणि बसवल्यावर वायरमनला समोर उभं करून त्यावरचं टेस्टचं बटण दाबायला लावा. लगेच खटका पडला तरच पैसे द्या. वन्संचा बिछाना इन्व्हर्टरजवळ आहे का तेही बघा. इन्व्हर्टरचा पंखा आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर रात्री शांततेत फार जाणवते, अडीचला जाग येणाऱ्याला तर हमखास.

---

स्टेथो

बी१२ इतकं कमी असेल तर मुंग्या लगेच जाणार नाहीत, नसा सावरायला महिने लागतात. इंजेक्शनं मध्येच थांबवू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. झोपेसाठी गोळी सुरू करण्याआधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आधी त्या खोलीतून त्यांचा बिछाना हलवता येतो का बघू.